एक कागद येणे

दिवाणजी आण्णांच्या किर्दीत माझ्या नावावर एक चॉकलेटचा कागद येणे आहे. पैसे नव्हेत, कागद. नारिंगी रंगाचा, वीतभरही नाही. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात तो माझ्याबरोबर दाजीपूरच्या जंगलात आत गेला आणि बाहेर आला नाही. त्यावर व्याज चढत नाही एवढंच. बाकी तगादा सोसायटीच्या कर्जाला असतो तसाच. बोरगावात आण्णांची पांढरी टोपी समोरून येताना दिसली की मी गल्ली बदलतो.

आण्णा निपाणीत एका तंबाखूच्या वखारीत अडतीस वर्षं दिवाणजी होते. जर्दा किती आला, किती गेला आणि पडून पडून किती घटला, हे तीन आकडे जुळल्याशिवाय त्यांनी वखारीला कुलूप लावू दिलं नाही. एकदा गल्ल्यात पावणेदोन रुपये जास्त निघाले म्हणून त्यांनी मालकांना रात्री अंथरुणातून उठवलं, असं सांगतात. मालक म्हणाले, "जास्तच निघाले न्हवं? असू द्या की." आण्णा म्हणाले, "जादा बी चूकच, मालक." आणि दारात उभेच राहिले.

असा माणूस निवृत्त झाला की घरच्यांचे हाल असतात. सूनबाईंच्या तेलाच्या बरण्या, नातवाच्या पेन्सिली, गोठ्यातल्या पेंड्या, सगळ्यांची मोजदाद सुरू झाली. शेवटी मुलानं त्यांना ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीत घालून दाजीपूरला धाडलं. देवगड-निपाणी रस्ता आमच्याकडून सरळ तिकडंच जातो. मुदाळ तिट्टा, राधानगरी, की पुढं जंगलच. मुलाचा हेतू असा की दोन दिवस घरात शांतता नांदावी. पण तिथं एका सड्यावर आदल्या कुठल्या तरी मंडळींनी जेवून टाकलेल्या पत्रावळ्या, ग्लास आणि बाटल्या पडलेल्या आण्णांना दिसल्या. बाकीचे म्हातारे "अरेरे" म्हणून पुढं गेले. आण्णा खाली बसले आणि मोजायला लागले.

घरी आले ते नवी वही घेऊनच. लाल कापडी बांधणीची, वर स्वच्छ अक्षरात: "जंगल खाते."

तेव्हापासून बोरगाव परिसरातनं कुणीही दाजीपूरला निघालं की आण्णा त्यांच्याबरोबर असतात. कुणी बोलावत नाही. गाडी सुटायच्या वेळी ते चौकात उभे असतात, कानावर पेन्सिल आणि काखेत वही. आपल्याकडं काखेत वही घेऊन उभ्या असलेल्या माणसाला "तुम्ही येऊ नका" म्हणायची पद्धत नाही.

आमच्या वेळेला आम्ही नऊ जण होतो. मी, माझा मेहुणा, दूध सोसायटीचे सेक्रेटरी, दोन लूमवाले, त्यांच्या पोरांपैकी तिघं, आणि आण्णा. दाजीपूरच्या नाक्यावर उतरलो, वाटाड्या ठरला, आता निघायचं, तोच आण्णांनी सगळ्यांना झाडाखाली बसवलं आणि पिशव्या उलट्या करायला लावल्या.

"आरंभीची शिल्लक घेतो," ते म्हणाले.

मग नोंदी सुरू झाल्या. बिस्किटपुडे नऊ. चिप्सची पाकिटं अकरा. संत्री चौदा, म्हणजे साली चौदा. पाण्याच्या बाटल्या दहा. बुचं दहा, वेगळ्या ओळीवर.

"बूच बाटलीलाच असतंय की आण्णा," सेक्रेटरी म्हणाले.

"असतंय तवर असतंय. बाटली मोठी, तिला लपायला लाज वाटती. बूच निसटतंय."

डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट एक, त्यात गोळ्या चार. पोरीच्या केसांतली रबरं दोन. मेहुण्याचा स्पीकर एक; त्यापुढं कंसात "बंद". मेहुणा म्हणाला, तो चालू आहे. आण्णा म्हणाले, "व्हय. नोंद झाल्यावर बंद." सेक्रेटरींच्या मुलीला परीक्षेत चांगले मार्क पडले होते, म्हणून त्यांनी पाच-पाच रुपयांची चॉकलेटं वाटायला आणली होती. आण्णांनी आपला वाटा नाकारला. चॉकलेट आठ, कागद आठ. एकूण तेरीज एकशे सव्वीस.

आण्णांच्या स्वतःच्या नावापुढं काहीच नव्हतं. सुती फडक्यात ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाची चटणी, पाण्याला पितळी तांब्या. "माझ्या खात्यावर आवकच न्हाई, मग जावकीची काळजी कशाला?" एवढं बोलून त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. त्यांच्या बोलण्यात फुशारकी नव्हती. पण आमच्या अकरा पाकिटांकडं त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी पूर्वी फक्त बँकेत, कर्ज मागायला गेल्यावर पाहिली होती.

आण्णांना जंगलाचे आकडेही पाठ आहेत. शाहू महाराजांच्या काळी हे शिकारीचं राखीव रान, १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं सगळ्यांत जुनं, १९८५ साली राधानगरीपर्यंत वाढवलं, एकूण ३५१.१६ चौरस किलोमीटर. लूमवाल्यानं एकदा "साडेतीनशे" म्हटलं तर आण्णा थांबले. "पॉइंट सोळा कुठं गेलं? ते काय तुझ्या परड्यात हाय?" २०१२ साली पश्चिम घाटातल्या ठिकाणांची जागतिक वारसा म्हणून नोंद झाली, त्यात राधानगरीही आहे. आण्णांच्या मते त्यातला महत्त्वाचा शब्द "नोंद" हा आहे. एकदा नोंद झाली की जबाबदारी आली.

आणि सीमा. "आपण कर्नाटकातनं आलोय," नाक्यावर ते गंभीरपणे म्हणाले. "हितं आपला एक कागद जरी पडला, तरी तो त्या राज्याचा माल ह्या राज्यात. आधीच २००४ पासनं सुप्रीम कोर्टात केस हाय. तिच्यात आपली भर नको."

पायवाटेवर शिरलो आणि चालण्याचे नियम सुरू झाले. एकामागं एक चालायचं. वाट सोडायची नाही. वळण आलं म्हणून मधनं उतरायचं नाही; एकानं उतरलं की दुसरा उतरतो, माती सुटते आणि पावसाळ्यात त्याचा ओढा होतो. सड्यावर तर पाय जपूनच. जांभ्या दगडावर मातीचा थर बोटभर असतो, आणि पावसाळ्यात त्या बोटभर मातीवर सीतेची आसवं आणि किडे खाणारी दवबिंदूची रोपटी उगवतात. डिसेंबरात तिथं नुसतं पिवळं गवत दिसतं. "दिसत न्हाई म्हणून न्हाई असं न्हाई," आण्णा म्हणाले. "बी खाली हाय. ती त्यांची मुदत ठेव."

यातलं पुष्कळसं वाटाड्याही सांगतो आणि पाटीवरही लिहिलेलं असतं. आण्णांचा पाया मात्र वेगळा आहे. आण्णा जैन. शेजारच्या भोजगावचे आचार्य शांतिसागर महाराज हे आमच्या भागातल्या घराघरांतलं नाव. आण्णांच्या आजीनं त्यांना लहानपणी शिकवलं होतं की मुनी चालतात ते पुढची चार हात जमीन बघत, पायाखाली किडामुंगी येऊ नये म्हणून. ईर्यासमिती म्हणतात त्याला. पावसाळ्यात चार महिने मुनी विहार करत नाहीत, कारण तेव्हा जमिनीवर जीव फार. पावसाळ्यात हे अभयारण्यही पर्यटकांना बंद असतं. आण्णा म्हणतात, "जंगलाचा बी चातुर्मास असतोय. सरकारला ते उशिरा कळलं एवढंच."

मी इतकी वर्षं समजत होतो की चार हातांचा नियम मुनींसाठी आहे. आण्णांनी तो माझ्या मेहुण्याला लावला.

परिणाम असा झाला की आम्ही नऊ माणसं माना खाली घालून, एका ओळीत, अंत्ययात्रेच्या शांततेत चालत राहिलो. तासभरात मी मुंग्यांच्या सात रांगा, एक शेणकिडा आणि पुढच्या लूमवाल्याच्या चपलेची झिजलेली टाच एवढं पाहिलं. जंगल पाहिलं असं म्हणता येणार नाही. आणि मग मेहुणा हळूच म्हणाला, "दाजी, गवा."

आम्ही माना वर केल्या तोवर तो गेला होता. कारवीच्या झुडपात काहीतरी काळं मावळताना मला दिसलं, पण ती सावलीही असेल. मेहुण्यानं मात्र सगळा पाहिला. बैलाच्या दीडपट, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा, पन्नास पावलांवरून शांतपणे वाट ओलांडून गेला. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो. एवढी वस्तू समोरून गेली आणि ती फक्त त्याला दिसली, ज्यानं एकही नियम पाळला नव्हता. या अन्यायावर मी अजून विचार करतो.

आण्णाही विचारात पडले. दगडावर बसून त्यांनी वही उघडली, दोन ओळी लिहिल्या आणि सुधारित नियम वाचून दाखवला: "दहा पावलं चालायचं, थांबायचं, वर बघायचं. चालताना बघायचं न्हाई, बघताना चालायचं न्हाई." नियम चुकला तर नियम दुरुस्त करणारा माणूस मी आमच्या भागात दुसरा पाहिलेला नाही. त्याच्याच पुढं त्यांनी पोरांना सांगितलं की गवा दिसला तर ओरडायचं नाही, शिट्टी मारायची नाही, मोबाईल घेऊन पुढं जायचं नाही. जागेवर थांबायचं आणि त्याला जाऊ द्यायचं. "वाट त्याची हाय. आपण भाड्यानं आलोय."

दुपारी जेवायला बसलो. संत्री निघाली. मी साल मागं झुडपात टाकली आणि आण्णांच्या पेन्सिलीचा आवाज झाला. पेन्सिलीला आवाज नसतो हे मला मान्य आहे, पण आण्णांच्या पेन्सिलीला असतो.

"कुजतंय की आण्णा. खतच होतंय."

"कवा?"

या "कवा"ला माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आण्णांजवळ होतं. त्यांनी परड्यात पेरूच्या झाडाखाली संत्र्याची साल ठेवून रोज नोंद केली होती. दिवाळीला ठेवली, संक्रांतीला ती वाळून कडक झाली, होळीला होती तशीच. मुंगीनंही तोंड लावलं नाही. "आणि हितं वांदरांनी लावलं तर आणखी वाईट. त्येला एकदा फुकटची गोडी लागली की ते झाडावरचं सोडून माणसाच्या पिशवीकडं बघतंय. वखारीत असले दोन हमाल हुते." मी उठून साल शोधून आणली. तिच्याबरोबर दुसऱ्या कुणाची तरी एक मिळाली, अगदी वाळलेली. आण्णांनी ती पुराव्यासारखी वर धरून सगळ्यांना दाखवली.

तंबाखूची तेरीज मांडण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस जंगलात बिडी ओढू देत नाही. एका लूमवाल्यानं हे बोलून दाखवलं. आण्णांनी राग मानला नाही. म्हणाले, "म्हणून तर सांगालोय. जर्दा काय असतोय ते मला ठाव हाय. फाल्गुनात गवत वाळलं की एका थोटकाला हा सगळा सडा पुरत न्हाई." लूमवाल्यानं बंडल खिशात घातलं. नंतर कळलं की बिड्याही मोजलेल्या होत्या.

परतीच्या वाटेवर आण्णांनी पिशवी काढली. वाटेत पडलेलं, आमचं नसलेलं, जे जे दिसेल ते उचलत आले. बाटल्या, पाकिटं, एक तुटकी चप्पल, देवाला बांधतात तसला लाल धागा. धागा त्यांनी परत ठेवला. तो कुणाचा तरी नवस असेल, त्यात आपण पडायचं नाही.

संध्याकाळी नाक्यावर पुन्हा झाडाखाली बसलो. पिशव्या उलट्या. मोजणी. बाहेर आलेला माल एकशे त्र्याऐंशी.

आण्णांचा चेहरा उतरला. मला वाटलं खूश होतील. आम्ही नेलं त्यापेक्षा सत्तावन्न नग जास्त आणले होते. पण "जादा बी चूकच" हे सूत्र आडवं आलं. दुसऱ्यांचा माल आपल्या मालात मिसळला, म्हणजे आपला पूर्ण आला की नाही हे कळणार कसं? त्यांनी नवं पान उघडून "तिऱ्हाईत खाते" असं नाव घातलं आणि सगळा ढीग पुन्हा निवडायला बसले. हे आमचं बिस्कीट, ते परकं बिस्कीट. तास गेला. तिऱ्हाईत अठ्ठावन्न. आमचे एकशे पंचवीस.

एक कमी.

"चॉकलेटचे कागद सात," आण्णा म्हणाले. "आठवा?"

सगळ्यांनी खिसे चाचपले. मीही चाचपले. खरं सांगायचं तर मला आठवत होतं. उतरणीवर चालता चालता मी चॉकलेट खाल्लं, कागदाची बोटांत गोळी केली, ती थोडा वेळ वळवली, आणि नंतर ती बोटांत नव्हती. मी टाकला असं म्हणता येणार नाही. फक्त ठेवला नाही. जगातला बराच कचरा असाच होत असावा.

मेहुणा म्हणाला, "जाऊ द्या की आण्णा, एवढासा कागद. थोडी घट धरा."

"घट तंबाखूला धरतात," आण्णा म्हणाले. "हवा लागली की तंबाखूचं वजन कमी-जास्त हुतंय. प्लॅस्टिकला घट न्हाई. आज हाय तेवढंच माझ्या पणतवाच्या वक्ताला."

दिवस मावळायला आला होता. आण्णा सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. फडक्यात एक भाकरी शिल्लक होती, पण मेळ लागेपर्यंत ते हात धुवेनात. दोनदा ते वाटेच्या तोंडापर्यंत जाऊन आले. वाटाड्यानं हात जोडून सांगितलं की आता आत सोडता येणार नाही, वेळ संपली. मग अंधार पडला आणि आण्णा उपाशीच गाडीत बसले. मुदाळ तिट्ट्याला आम्ही गाडी थांबवून मिसळ खाल्ली. ते गाडीत वही मांडीवर घेऊन बसून राहिले. मिसळ चांगली होती, पण मला ती उतरत नव्हती. दोनच पाव खाल्ले.

दोनेक महिने मी कळ काढली. मग महाशिवरात्रीच्या सुमारास मनाचा हिय्या करून दुकानातून तेच चॉकलेट घेतलं, बायकोला दिलं, कागद चुरगळला, परड्यातल्या मातीत घोळवला, चपलेखाली दाबला, आणि आण्णांकडं गेलो.

"आण्णा, सापडला. जर्किनच्या आतल्या खिशात होता."

आण्णांनी चष्मा लावला. कागद उलगडला, मांडीवर सरळ केला, पालथा केला. चेहऱ्यावर आनंद पसरत होता तो मधेच थांबला.

"पॅकिंगची तारीख जानेवारीची हाय."

मी गप्प.

"आपण गेलेलो डिसेंबरात. ह्यो कागद जन्माला यायच्या आधीच हरवला काय?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. अडतीस वर्षांत त्यांनी खोट्या पावत्या पुष्कळ पाहिल्या असणार. त्यांनी त्या कागदाची नीट घडी घातली आणि मला परत दिली. म्हणाले, "चहा घेणार काय?" मग वहीत लाल पेन्सिलीनं माझं नाव लिहिलं. तोपर्यंत ती तूट कुणाच्याच नावावर नव्हती. मीच चालत जाऊन ती माझ्या नावावर करून आलो होतो.

"उचंत खात्याला टाकतो," ते म्हणाले. ज्या रकमेचा निकाल लागत नाही ती दिवाणजी लोक उचंत खात्याला टाकतात. बुडाली असं म्हणायचं नाही, आली असंही नाही. "तुझी नियत वाईट न्हाई. पर मेळ लागला न्हाई."

यंदाच्या डिसेंबरात पुन्हा दाजीपूरला गेलो. जाणार नव्हतो, पण आण्णा चौकात न थांबता थेट माझ्या दारात आले. उतरणीच्या त्या वळणावर त्यांनी सगळ्यांना पुढं जाऊ दिलं आणि मला थांबवलं.

"बघ."

मी गुडघ्यांवर बसलो. वाटेच्या कडेकडेनं, वाट न सोडता, चार हात, मग पुढचे चार हात. वाळलेल्या पानांत शेकरूनं कुरतडून टाकलेली फळं होती. भुसभुशीत मातीत किड्यांनी केलेले चिमुकले खड्डे होते, गाळणीसारखे. चिखल वाळून घट्ट झालेल्या जागी गव्याचा खूर उमटलेला होता, त्यात माझी मूठ आरामात बसली. आणि एका मुळीच्या सांदीत काहीतरी चमकलं.

"आण्णा! मिळाला!"

आण्णा लगबगीनं आले. चष्मा लावला. कागद झटकला. निळा होता.

"ह्यो तिऱ्हाईताचा," म्हणत त्यांनी तो पिशवीत टाकला आणि वहीत जमा केला. मग उताराकडं बराच वेळ बघत राहिले. मधे दोन पावसाळे होऊन गेले होते. "गेला असंल पाण्यासंगट. कोकणाच्या अंगाला उतरला असंल तर समुद्रात. पर हिकडं दूधगंगेला लागला असंल, तर काळम्मावाडीच्या धरणात अडकंल, न्हाईतर मग खाली आपल्याकडंच येतोय. नदीकडंला बी जरा बघत जा."

तेव्हापासून मी रोज सकाळी नदीकाठानं तासभर चालतो. वजन चार किलो उतरलं, डॉक्टर खूश आहेत. गावात तक्रार एवढीच की मी हल्ली मान वर करून कुणाला ओळख देत नाही.